दोन ते आठ अंश

जूनच्या दुसऱ्या सोमवारी
दांडेकर पुलाजवळच्या आमच्या हॉस्पिटलात
मी निळी पेटी घेऊन मजले चढते.
आत बर्फाची पाकिटं, एक तापमापक
आणि यंदाची फ्लूची लस.
दोन ते आठ अंश.
गोठली तर वाया, तापली तर वाया,
मोठी मानी वस्तू.

यादीत दोनशे चौदा नावं.
आमचीच. रोज दुसऱ्यांना टोचणारी माणसं,
स्वतःची बाही वर करायची म्हटलं
की सगळ्यांना कामं आठवतात.

गार्ड कुचेकर म्हणतो, सिस्टर, ह्यानेच ताप येतो,
माझ्या मेव्हण्याला आला होता. कात्रजला.
(कात्रजला, हे अशा ठसक्यात
की त्यापुढे पुरावा नको.)
शेवंतामावशी विचारतात, पगारातून कापणार का?
नाही म्हटल्यावर दोन्ही बाह्या वर करतात.
लॅबची फरझाना स्वतःचं उरकून
चौघांना दंडाला धरून आणते.
डॉक्टर अंतुरकर, हाडांचे,
लिफ्टचं दार पायाने अडवून सांगतात,
"वीस वर्षांत मला साधी सर्दी नाही."
दार मिटतं.

साधी सर्दी.

हेच म्हणाले होते मीसुद्धा.
जानेवारी होता, पहाटे पर्वती धुक्यात दिसेना.
अंग कसकसत होतं, पण दोघी रजेवर,
आणि रजा मागायची म्हणजे मेट्रनच्या केबिनबाहेर
चप्पल काढून उभं राहणं.
एक गोळी गिळली, चहा प्यायले, ड्यूटीवर गेले.
मास्क होता. हनुवटीवर होता.

बेड नंबर अकरा, पिलाजी खांदवे,
लोहगाव, वय एकोणसत्तर,
मांडीचं हाड जोडलेलं, चार दिवसांत घरी जाणार.
सासवडच्या जावयाने अंजिरं आणली होती,
त्यातली दोन पेपरात गुंडाळून
त्यांनी माझ्या ट्रेवर ठेवली.
"शिंकताय पोरी, खा, अंगात बळ येईल."
मी हसले. त्यांची उशी नीट केली.
त्याच हातांनी.

तिसऱ्या दिवशी त्यांना ताप.
पाचव्या दिवशी खोकला, मग धाप,
मग खालच्या मजल्यावरचं ते यंत्र,
जे माणसासाठी श्वास घेतं
आणि दर श्वासाला बजावतं, मी घेतोय.
नवव्या दिवशी जावई बिल भरायला
रांगेत उभा होता. हातात पिशवी, रिकामी.

कुणी मला काही विचारलं नाही.
तपासणी झालीच नाही, ना त्यांची, ना माझी.
कागदावर न्यूमोनिया.
त्या आठवड्यात भेटायला येणारे पन्नास जण होते,
नातू होता नाक पुसणारा,
शेजारचा बेड होता खोकणारा.
मी नसेनही.
अकरा वर्षं झाली, मी नसेनही.

म्हणून आता दरवर्षी ही पेटी मागून घेते.
कुचेकरला खाली बसवून सांगते
की ताप आला तर एखादा दिवस, अंग दुखेल, एवढंच;
आणि खरंच ताप असेल तेव्हा
गेटवर उभा राहू नकोस, घरी राहा,
तुझी रजा मी मांडते मेट्रनपुढे.
त्याला वाटतं मी त्याची काळजी करते.
करतेच. पण त्याच्या मागे, थोडं डावीकडे,
मला एक पलंग दिसतो.

ज्याला ताप आलाच नाही तो मिठाई घेऊन येत नाही.
चार दिवसांत घरी गेलेला म्हातारा
घरीच जातो फक्त.
रजिस्टरात त्याला रकाना नाही.

संध्याकाळी सहाला पेटी आवरत होते.
एका कुपीत शेवटचा डोस होता,
उद्यापर्यंत टिकणार नव्हता.
अंतुरकर दारात आले,
काही न बोलता शर्टाची बटणं सोडायला लागले.
सुई बाहेर आल्यावर लहान मुलासारखे म्हणाले,
"दुखलं नाही."
का आलात, मी विचारलं नाही.
त्यांनीही सांगितलं नाही.
प्रत्येकाचा आपापला बेड असावा.

एकशे बत्तीस.
घरी जाताना गाडीवर हंगामातली शेवटची अंजिरं होती,
जरा फुटलेली, माश्या बसलेल्या.
मी भाव विचारला. घेतली नाहीत.

उरले ब्याऐंशी.